दोन हातांचं अंतर

छातीत पहिली कळ आली तेव्हा मी इन्स्पेक्शनच्या टेबलाशी उभा होतो. हातात व्हर्नियर, समोर तपासायच्या शाफ्टचा ढीग. वाळूजच्या ज्या कारखान्यात मी नोकरी करतो तिथं सकाळी दहाला चहाची सुट्टी होते. सगळे गेटबाहेरच्या टपरीकडे निघाले आणि मी टेबलाचा पाय धरून खाली बसलो. यंत्रं बंद झाली होती, शॉप रिकामं होतं. मी टपरीवर आलो नाही म्हणून मला शोधत परत आला तो एकच माणूस. टूलरूममधला माझा मित्र.

त्यानं मला कंपनीच्या जीपमध्ये मागच्या सीटवर आडवं घातलं आणि माझं डोकं मांडीवर घेतलं. दवाखाना येईपर्यंत तो एकच म्हणत होता, "डोळे मिटू नको. माझ्याकडं बघ. मिटू नको रे." त्याच्या शर्टाला सिगारेटचा वास होता. सांगायला लाज वाटते, पण त्या कळांमध्येही माझ्या मनात आलं की एक ओढायला मिळाली तर बरं वाटेल.

तो टर्नर होता, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. घर मेंढरांवर जगलेलं, गाव पाचोडच्या पलीकडे तीन किलोमीटरवर. घराण्यात आयटीआय करून शहरात आलेला तो पहिलाच. माझ्या घरात सगळे कारकून आणि मास्तर, त्यामुळं आम्ही एरवी एका ताटात जेवलो असतो असं नाही. पण एकोणीस वर्षं दिवसातून तीनदा आम्ही त्या टपरीच्या मागच्या भिंतीला टेकून उभे राहिलो. कधी दोघांत एक सिगारेट ओढली. त्याच्या बापाची मेंढरं, माझ्या मुलीचं गणित, सुपरवायझरचा स्वभाव, सगळं तिथंच बोललो. एकमेकांच्या घरी फार तर चार-पाच वेळा गेलो असू.

माझ्या हृदयात स्टेंट बसला. डॉक्टर तरुण होते, स्पष्ट बोलणारे. म्हणाले, "गोळ्या मी देईन. सिगारेट तुम्हाला सोडावी लागेल, ते माझ्या हातात नाही. तलफ आली की दहा मिनिटं काढा. ती जाते. पुन्हा येते, पुन्हा दहा मिनिटं काढा."

दहा मिनिटं, असं ते सहज म्हणाले. मी गारखेड्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये रजेवर पडून होतो आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो. सकाळी चहाचा कप ओठांपासून खाली आला की हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे जायचा. जेवण झालं की जायचा. फोन वाजला की जायचा. मी बडीशेप चघळली, लवंग दाढेखाली धरून जीभ पोळून घेतली. एकदा मुलीची पेन्सिल बोटांत धरून बसलो होतो, तिनं पाहिलं आणि ती दुसऱ्या खोलीत गेली. चौथ्या दिवशी आमटीत मीठ कमी म्हणून मी ताट सरकवलं ते टेबलावरून खाली गेलं. बायको वाकून भात गोळा करायला लागली. मी उठलोही नाही. त्या क्षणी मला तिचा, मुलीचा, डॉक्टरांचा, सगळ्यांचा राग आला होता, कारण एका पांढऱ्या कांडीच्या आणि माझ्या मध्ये हीच माणसं उभी होती.

सव्वा महिन्यानं कामावर गेलो. दहाला सवयीनं पाय टपरीकडे वळले. मला बघून मित्रानं हातातली अर्धी सिगारेट चपलेखाली दाबली.

"तुझ्यासमोर नाय ओढणार," तो म्हणाला. "चहा पी. कसंय आता?"

मी चहा घेतला. तो माझ्याशी बोलत होता आणि मी त्याच्या मिशीकडे बघत होतो. मिशीत, बोटांत, श्वासात तोच वास होता. तिसऱ्या दिवशी माझ्यानं राहवेना.

"एक झुरका दे," मी म्हणालो.

"नाय."

"एकच. अरे, काय होतंय एका झुरक्यानं?"

"नाय म्हणलं ना. जीपमधी तुला मी धरलं व्हतं. तुझं त्वांड कसं झालं व्हतं ते मी बघितलंय. माझ्या हातानं तुला नाय देणार."

मी त्याला शिवी दिली. चहावाल्यासमोर, चार जणांसमोर. तुझ्यामुळंच माझी ही गत झाली, असंही म्हणालो. ते खोटं होतं, मी कॉलेजपासून ओढत होतो.  तो पैसे देऊन गेटच्या आत गेला.

त्या दिवशी त्यानं दिली असती तर मी आज पुन्हा रोज दहा ओढत असतो, याबद्दल मला शंका नाही. पण तेव्हा मी वेगळाच निष्कर्ष काढला. टपरी टाळायची तर त्यालाही टाळायला हवं. दुसऱ्या दिवसापासून चहा थर्मासमध्ये घरून न्यायला लागलो आणि इन्स्पेक्शनच्या खोलीतच प्यायला लागलो. डबाही तिथंच. पुढच्या महिन्यात पाळी बदलून मागितली. हे सहा महिन्यांपुरतं, असं मी स्वतःला सांगत होतो.

एकदा पाळी बदलताना हजेरीच्या पंच मशीनपाशी त्यानं मला गाठलं.

"काय रे, राग अजून हाय का?"

"नाही."

"मग बोलत का नाय?"

मी खरं ते सांगितलं. "तुझा वास येतो. मग मला दिवसभर तलफ राहते."

तो हसला. मग त्याचं हसू थांबलं. आपला शर्ट नाकाला लावून त्यानं एकदा हुंगला आणि म्हणाला, "व्हय, येतो खरा." तेव्हापासून कुठं दिसलाच तर तो दोन हात लांब उभा राहायचा. लांबूनच हात वर करायचा. मला ते सोयीचं होतं.

सहा महिने झाले, वर्ष झालं. तलफ कमी झाली, पण गेली नाही. कधी महिनाभर यायची नाही आणि मग रिक्षात शेजारी बसलेल्याच्या कपड्यांमधून अचानक यायची. मी दहा मिनिटं काढत होतो. वजन वाढलं, जिना चढताना दम लागेनासा झाला, जेवणाला चव आली. नातेवाइकांत माझं उदाहरण द्यायला लागले. मलाही ते आवडायला लागलं होतं.

दीड वर्षानंतर सुरक्षा सप्ताहात कंपनीनं मला बोलायला उभं केलं. कॅन्टीनमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या, माइक होता. मित्र तिसऱ्या रांगेत बसला होता. मी माझी हकिगत सांगितली. जीप सांगितली, कुणाची मांडी होती ते मात्र सांगितलं नाही. शेवटी पर्सोनेलवाल्यांनी दिलेला कागद वाचून दाखवला. तोंडातली जखम भरत नसेल तर दाखवा. गिळताना त्रास होत असेल तर दाखवा. आवाज बसला आणि तीन आठवड्यांत सुधारला नाही तर डॉक्टरांना दाखवा. टाळ्या झाल्या. त्यानंही वाजवल्या.

नंतर तो माझ्याकडे आला आणि नेहमीसारखा थोडा लांब थांबला. "झ्याक बोलला," म्हणाला. आवाज घोगरा होता, फाटलेल्या कापडासारखा. मी म्हणालो, "सर्दी झाली का?" तो म्हणाला, "लई दिस झाले, जातच नाय." मी मान हलवली. मी श्वास रोखून धरला होता, कारण तो नुकताच ओढून आला होता. कधी एकदा तो जातो आणि मी श्वास घेतो, एवढंच माझ्या डोक्यात होतं. कागद अजून माझ्या हातात होता.

अडीच महिन्यांनी टाइम ऑफिसमध्ये रजेच्या अर्जाला गेलो तेव्हा तिथला कारकून म्हणाला, "तुमच्या दोस्ताचं वाईट झालं हो. घशाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. स्वरयंत्रच काढलं म्हणे."

मी लगेच गेलो असं नाही. अकरा दिवस गेलो नाही. मुलीची परीक्षा आहे, गाडी बिघडली आहे, अशी कारणं मी बायकोला सांगितली. बाराव्या दिवशी तिनंच रिक्षा बोलावली.

दवाखान्यात तो खाटेवर बसून होता. मिशी काढलेली. गळ्याच्या खालच्या भागात भोक, त्यावर ओल्या जाळीच्या कापडाची पट्टी. श्वास तिथून येत-जात होता आणि त्याचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. शेजारी त्याची बायको, माझ्या तोंडी वहिनी, पदर डोक्यावर घेऊन बसलेली. त्याच्या मांडीवर लहान पोरांची असते तसली पाटी होती. त्यानं खडूनं लिहिलं आणि माझ्याकडे फिरवली.

'सुटली एकदाची.'

तो खांदे हलवत हसत होता. आवाज नव्हता. मी त्याचा हात धरला. त्याला डेटॉलचा वास येत होता. दीड वर्षानंतर पहिल्यांदा मी त्याच्या इतक्या जवळ बसलो होतो, आणि ते मला जमलं कारण आता तो ओढू शकत नव्हता.

रेडिएशनचे शेक झाले, इंजेक्शनं झाली. सहा-सात महिने बरे गेले. नंतर दुखणं उलटलं, मानेला गाठ आली आणि डॉक्टरांनी वहिनींना बाजूला घेऊन सांगितलं की आता घरी न्या, जे आवडेल ते खाऊ घाला. त्याला काहीच गिळता येत नव्हतं. रांजणगावची भाड्याची खोली सोडून ते गावी गेले, त्याच्या भावाच्या वस्तीवर.

मी रविवारी जायचो. बीड रोडनं एसटीनं पाचोड, तिथून भाऊ मोटारसायकलवर न्यायला यायचा. घरामागं मेंढरांचा वाडा आणि लिंबाचं झाड. झाडाखाली खाटेवर तो पडलेला असायचा. मी समोर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचो. त्याचा भाऊ बिड्या ओढायचा, म्हणून मी खुर्ची वाऱ्याच्या उलट्या बाजूला घ्यायचो. मी बोलायचो, तो लिहायचा. अक्षरं वाकडी होत चालली होती.

एका रविवारी त्यानं लिहिलं, 'पुढल्या येळी एक सिगारेट आण.'

"कुणाला?"

'वास घेतो.'

पुढच्या रविवारी पाचोडला बाजार भरला होता. मिरच्यांचे ढीग, शेळ्या, कपड्यांची पालं. मी एका टपरीसमोर जाऊन उभा राहिलो आणि सुटी सिगारेट मागितली. आमचीच, जी दोघं ओढायचो ती. तीन वर्षांत मी पहिल्यांदा सिगारेट हातात घेत होतो. टपरीवाल्यानं विचारलं, "काडी देऊ का?" मी काडेपेटीही घेतली. सिगारेट शर्टाच्या खिशात ठेवली आणि वस्तीवर पोचेपर्यंत दुसरं काहीही माझ्या डोक्यात आलं नाही. मोटारसायकलवर मागे बसून मी एक हात छातीवर धरला होता, मोडू नये म्हणून.

वहिनी बाजाराला गेल्या होत्या. भाऊ मला सोडून मेंढरांकडे गेला. मी खुर्ची खाटेजवळ घेतली.

सिगारेट पेटवायची तर आत ओढावंच लागतं. मी तोंडापुरता धूर घेतला, छातीत जाऊ दिला नाही. जिभेवर तो कडवट उबदार चटका बसला आणि माझे डोळे भरून आले. मी धूर त्याच्या नाकासमोर सोडला. त्यानं डोळे मिटले होते. नाकपुड्या फुगवल्या, पण त्याच्या नाकातून वारा जातच नव्हता. तो सगळा गळ्यातल्या भोकातून जात होता. पुन्हा सोडला. तो थांबला. डोळे उघडले आणि मान हलवली.

'येत नाय.'

मी म्हणालो, "राहू दे मग."

त्यानं गळ्यावरची पट्टी बाजूला केली आणि बोट भोकावर ठेवलं. मग पाटीवर लिहिलं, 'हितं सोड.'

मी त्या भोकाकडे बघत राहिलो. कडा लाल होत्या. आत काहीतरी हलत होतं. धूर आत गेला आणि ठसका लागला तर? रक्त आलं, श्वास अडकला तर मी एकटा काय करणार? मी म्हणालो, "नाही. ते माझ्यानं होणार नाही."

त्यानं पाटीवर बोट आपटलं. हितं.

"नाही रे. तुला त्रास होईल."

आता त्रासाचं काय राहिलं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. सिगारेट माझ्या बोटांत जळत होती, राख लांब झाली होती. तो थोडा वेळ तिच्याकडे बघत होता. मग त्यानं पाटी पुसली आणि लिहिलं, 'मग तू तरी वढ. वाया जाईल.'

इतकी तलफ मला त्याआधी कधी आली नव्हती. हात तोंडाकडे जायला लागला होता, हे मी बघत होतो. दहा मिनिटं काढायला तिथं वेळ नव्हता. मी वाकलो आणि सिगारेट खाटेच्या पायाशी मातीत खुपसली, ती विझली तरी खुपसत राहिलो. वर बघितलं तेव्हा त्यानं तोंड मेंढरांच्या वाड्याकडे फिरवलं होतं. मी अर्धा तास बसलो. त्यानं पुन्हा पाटी घेतली नाही.

त्यानंतर बारा दिवसांनी तो गेला. मधल्या रविवारी मी गेलो नव्हतो.

दहावा पैठणला केला. कंपनीतले सात-आठ जण आले होते. घाटावर विधी चालू असताना ते वरच्या पायरीवर सावलीत उभे होते आणि सगळ्यांनी पेटवल्या होत्या. लेथवरच्या एकानं माझ्यापुढे पाकीट धरलं. "घ्या. आज त्याच्या नावानं एक. आज कुणी काही म्हणणार नाही." माझा हात पाकिटापर्यंत गेला. मी तो मागे घेतला आणि पायऱ्या उतरून गोदावरीच्या पाण्याजवळ गेलो. घड्याळ बघितलं. दहा मिनिटांनी काही तलफ गेली नाही. वीस मिनिटांनीही नाही. मी पाण्याशी उभाच राहिलो.

तिथं वहिनी आल्या. हातपाय धुऊन माझ्या बाजूच्या पायरीवर बसल्या.

"भाऊजी, त्या दिवशी तुम्ही बिडी आणली व्हती का? खाटंखाली थोटूक सापडलं."

मी सगळं सांगितलं. भोकाचंही सांगितलं. 

"मी दिली व्हती त्येंला," त्या म्हणाल्या. "दोनदा. दिराची बिडी पेटवून गळ्याशी धरली. लई खोकले. पण हसले बी."

"मग वास येत नाही हे त्याला माहीत होतं?"

"व्हय की. पहिल्या दिसापास्नं ठावं व्हतं."

"मग मला कशाला आणायला सांगितली?"

वहिनींनी पदरानं तोंड पुसलं. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "तुम्ही लांब बसायचे ना. मला लिहून दाखवायचे, ह्यो वासानं लांब गेला, वास ऱ्हाऊन बी जवळ बसतो का बघतो, म्हणून."

वरून कुणीतरी त्यांना हाक मारली आणि त्या उठून गेल्या. मी कुणालाही न सांगता स्टँडवर आलो आणि मिळेल त्या एसटीत चढलो.

या गोष्टीला दोन वर्षं होतील. मी ओढत नाही. तपासणीला गेलो की डॉक्टर रिपोर्ट बघून खूश होतात. टपरीवर मी आता जातो, चहा पितो, ओढणाऱ्यांमध्ये उभा राहतो. तलफ येते. मी ती येऊ देतो, हलत नाही. पण तिथं आता नवीन मुलं असतात. मला ती सर म्हणतात आणि मी गेलो की हातातल्या सिगारेटी पाठीमागं धरतात.

घरी मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. गेल्या थंडीत एका दुपारी बायको मेथी निवडत बसली होती आणि मी तिच्यासमोर बसून देठं वेगळी करत होतो. का कोण जाणे, मी सांगायला सुरुवात केली. बाजार, सिगारेट, पाटी, माती, सगळं.  माझं संपल्यावर मी म्हणालो, "ओढली असती तर सगळं वाया गेलं असतं. एकीनंतर दुसरी, मग पाकीट. तुला काय तोंड दाखवलं असतं?"

तिनं हातातल्या जुडीची पानं खुडून संपवली.

"चार दिवस बोलले नसते," ती म्हणाली. "मग बोलले असते."

आणि मेथीची परडी उचलून ती आत धुवायला गेली.